सात नंबरच्या नगावरचा शिक्का

कोल्हापूरजवळ शिरोलीतला आमचा कारखाना लहान. वडिलांनी तो ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांसाठी काढला, मी ट्रॅक्टरच्या कामावर वाढवला, आणि पन्नाशीला टेकल्यावर एकदम ठरवलं की आता रॉकेटचं काम करायचं. आज हे वाक्य लिहिताना अवघडायला होतं, कारण त्या दिवसांत मी ते भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

हिशेब माझ्या डोक्यात सरळ होता. ट्रॅक्टरवाल्यांना हजारो नग लागतात आणि दरवर्षी ते भाव खाली ओढतात. नव्या खाजगी रॉकेट कंपन्यांना आठ-दहाच नग लागतात, पण ते करू शकणारे हात मोजके. उद्योजकांच्या सभेत मी यावर पाऊण तास बोललो. लहान कारखान्यानं गर्दीतून बाहेर पडावं, एकच अवघड काम धरावं, वगैरे. टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या भरात मी ट्रॅक्टरची दोन जुनी कामं सोडून दिली. दोन्ही पाय एकदम उचलून कसं चालायचं, असं बायकोनं विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

दक्षिणेतल्या एका कंपनीचा प्रमुख कारखाना बघायला आला. माझ्यापेक्षा बराच तरुण, पायात साध्या चपला. मी केबिनमध्ये पडद्यावर माझी मोठी मांडणी सुरू केली, तर हा पाच मिनिटांत उठून थेट शॉपवर, मशीन चालतात तिथं, गेला आणि मामांच्या टेबलापाशी थांबला.

मामा म्हणजे आमचे तपासनीस. जवळच्या गडमुडशिंगी गावचे, वडिलांच्या वेळचे. तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावर जायचा. पास झाला की तपासणीच्या कागदावर ते आपला गोल शिक्का मारत. नापास झाला की त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढून मागच्या रॅकवर ठेवत. तिथून तो भंगारातच जायचा. पाहुण्यानं त्या रॅकपुढं अर्धा तास काढला. मामांनी एकेक नग उचलून तो का टाकला ते सांगितलं, मी त्याचं हिंदी करत गेलो, आणि त्यातला एक नग मालकाच्याच हातून बिघडलाय, हेही त्यांनी सांगून टाकलं. पाहुणा खूश. मला म्हणाला, त्यांच्याकडं ज्याच्या हातून चूक होते तो सकाळच्या बैठकीत उभा राहून ती सांगतो, आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आमच्याकडं चूक कबूल करणाऱ्याला लोक मरेपर्यंत ती ऐकवतात.

काम आम्हाला त्या रॅकमुळं मिळालं, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढच्या भाषणात मी रॅकचा फोटो दाखवला. मामांचा उल्लेख केला नाही.

काम होतं इंधनाच्या झडपेचं. झडपेचं बाहेरचं घर, आम्ही त्याला बॉडी म्हणायचो. खास धातूचे आठ ठोकळे कंपनीनंच पाठवले होते. त्यांतल्या सात नंबरच्या नगात सीलची खाच, म्हणजे गळती रोखणारं सील बसतं ती, जरा जास्त खोल गेली. केसाएवढी म्हणतात तेवढी. मामांनी लाल पट्टा ओढला. नवा ठोकळा यायला तीन आठवडे लागणार होते, आणि आठ दिवसांत माल पोचवायचा होता.

कोल्हापुरात यावर एक उपाय आहे आणि त्याचा आम्हाला गर्व आहे. खोल गेलेली जागा वेल्डिंगनं भरून घ्यायची आणि पुन्हा मापात कातायची. शाफ्ट असो, इंजिनाचा ब्लॉक असो, वाया म्हणून काही जाऊ द्यायचं नाही. शहरातली जुनी कारखान्यांची वसाहत, उद्यमनगर, निम्मी या हातकौशल्यावर उभी राहिली. मी मामांना म्हणालो, भरून घेऊ.

"ह्यो नग जायाचा न्हाय, मालक."

"चालतंय की, मामा. आजवर किती भरले आपण."

"ट्रॅक्टरला चालतंय. तितं बिघाडलं तर गडी खाली उतरून बघतोय. वर कोण उतरून बघणार हाय?"

निदान कंपनीला कळवून भरू, असंही ते म्हणाले. तेही मी ऐकलं नाही. पहिल्याच कामात हात वर करून चूक झाली म्हणायचं, म्हणजे कोल्हापूरवाल्यांना जमत नाही असं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सोमवारी कारखान्याला सुट्टी असते. मी एकटा गेलो. लाल पट्टा थिनरनं पुसला, उद्यमनगरातल्या ओळखीच्या वेल्डरकडून खाच भरून आणली आणि लेथवर स्वतः कातली. माप अचूक आलं. पुष्कळ वर्षांनी मशीनवर उभा होतो, हात अजून चांगला होता, आणि त्या क्षणी मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही सांगायलाच हवं. मग मामांचा खण उघडला आणि सात नंबरच्या कागदावर त्यांचा शिक्का मारला.

मंगळवारी त्यांनी विचारलं, सात नंबर कुठं गेला. मी भंगारात म्हणालो. ते टेबलाशी गेले, खण उघडला, शाईचं पॅड बाहेर काढलं. "पॅडचं झाकण उघडं ऱ्हायलं हाय," एवढंच म्हणाले आणि झाकण लावलं. माल सकाळीच गेला होता. किती नग गेले, ते त्यांनी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी कंपनीनं इंजिन जमिनीवर जखडून पेटवलं. झडपेतून इंधन गळलं आणि इंजिन जळून गेलं. माणसं लांब होती, कुणाला काही झालं नाही. फुटलेल्या सात नंबरच्या बॉडीचा एक्स-रे काढल्यावर आतलं वेल्डिंग दिसलं. कागदात त्याची नोंद नव्हती.

व्हिडिओ कॉलवर तो प्रमुख शांत होता. शिक्षा कुणालाच नाही, काय घडलं एवढंच कळू द्या, असं त्यानं दोनदा सांगितलं. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. मी म्हणालो, तपासणी आमच्या तपासनिसांची असते, कागदावर त्यांचाच शिक्का आहे.  मामांनी समोरचा कागद उचलला, चष्मा वर करून शिक्का बघितला.

"शिक्का माझाच हाय," ते म्हणाले.

ते पलीकडं हिंदीत मीच सांगितलं.

कॉल संपवण्याआधी तो प्रमुख म्हणाला की आधी कळवलं असतं तर चाचणी तीन आठवडे पुढं गेली असती, बस्स. ते नेहमीच पुढं ढकलतात. हे ऐकून मला जे झालं ते अजून गेलेलं नाही.

पुढं मी आणखी खाली उतरलो. जबाबदार माणसाला बाजूला केलं, असं पत्र कंपनीला पाठवलं आणि मामांना घरी बसवलं. वाटलं, काम तरी राहील. राहिलं नाही, उरलेले सातही नग परत आले. मामांनी खराब नग पास केला, अशी शिरोलीत बातमी पसरली. कुठल्याच कारखान्यानं मामांना तपासणीला ठेवलं नाही. गावात लोक त्यांना 'रॉकेट' म्हणू लागले. रॉकेट कुठं निघालं? आज उडालं का न्हाय? ज्यांच्या लाल पट्ट्यापुढं वडीलसुद्धा बोलत नसत, त्या माणसाला.

चार वर्षं मी गप्प बसलो. यंदा कंपनीला सगळं लिहून पाठवलं. ईमेल परत आली. चौकशी केली तर कंपनीच बंद पडलेली, माणसं पांगलेली. मग गडमुडशिंगीला गेलो. मामा दारातच बसले होते. मी सगळं बोललो. त्यांना नवीन असं काहीच नव्हतं.

"मला कशाला सांगताय? मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "सकाळी डेरीवर या. दूध घालाय सगळं गाव आसतंय. तितं सांगा."

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. दूध डेअरीपुढं रांग होती. मामा हातात किटली घेऊन मध्ये उभे होते. मागून कुणीतरी म्हणालं, रॉकेट, सरक की पुढं. ते सरकले. त्यांनी मला बघितलं होतं. एकानं विचारलं, "पावणं, कुणाकडं आलायसा?"

तोंड उघडलं तेव्हा खरंच सांगणार होतो.

"रस्ता चुकलो," मी म्हणालो.

त्यानं हायवेकडं बोट दाखवलं. मामांनी किटलीचं झाकण काढून पुन्हा घट्ट बसवलं आणि रांगेबरोबर पुढं गेले. मी गाडी वळवली. डेअरीवरचं कुणी हे वाचणार नाही, मामाही वाचणार नाहीत. म्हणूनच कदाचित मला इथं लिहिता आलं.