आकसून बसणे

मंगळवारी दुपारी माझे पती गेले. मी पालघरला शाळेत होते. सालवडला घरी पोहोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खाली जमिनीवर घेतले होते.

ते रंगाच्या कारखान्यात पूड भरण्याचे काम करत. कितीही घासून अंघोळ केली तरी घामातून रंग बाहेर येई. पिवळा माल असला की उशी पिवळी, लाल असला की बनियन गुलाबी. कुणाच्या घरी गेलो की ते पिशवीतून जुने वर्तमानपत्र काढत, खुर्चीवर पसरत आणि कडेला बसत. पाठ टेकत नसत.

नवापूरहून मासे विकायला येणारी मावशी त्यांना चिडवायची, "काय रं दादा, आज कंचा रंग? होली तर कवाच जाली!"

"मावशी, माझ्या हाताला रंग, तुमच्या हाताला वास. लग्नात आपल्याला कोण पुढं बसवतंय?"

"नाय तं नाय. बस हितंच."

मग ते तिच्या शेजारी पायरीवर ऐसपैस बसत, काही न अंथरता.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला मीच त्यांना म्हटले होते, "अहो, मागे बसाल का? पुढच्या खुर्च्यांना पांढरी कापडं घातलीत."

"बसतो की. त्यात काय!"

घरी आल्यावर मी त्यांना माझे चुकले असे सांगणार होते. पण ते चहा पिता पिता मुलांच्या नाचाचे कौतुक करत होते. "त्या बारक्या पोरीनं लई झ्याक केलं गं. तूच बसवलंस का?" मी हो म्हटले आणि गप्प राहिले. पुढे चार वर्षे गप्पच राहिले.

'संकोच' हा शब्द मी वर्गात शिकवते. गेल्या महिन्यात तो पुन्हा कोशात पाहिला. संस्कृतातला मूळ अर्थ आकसणे, मिटणे. लाजण्याचा अर्थ त्यातूनच आला. वाचताना मला खुर्चीच्या कडेला बसलेले ते दिसले. त्यांचा स्वभावच संकोची, असे मी सगळ्यांना सांगत असे. त्या आकसण्यात माझा वाटा किती, हे त्यांना तेव्हाही विचारले नाही.

आता विचारायला ते नाहीत. दोन खोल्या आहेत, माझी नोकरी आहे, आणि सांगायचे राहून गेलेले ते एक वाक्य माझ्याकडेच आहे.