बंद गाडीत झेंडूच्या पाट्या

मी नवस बोलत नाही. देवाला नारळाचं आमिष दाखवून काम करून घ्यायचं, हे मला कधी पटलं नाही. यांची किडनी गेली तेव्हाही मी पदर पसरला नाही, उलट भांडले. रोज दिवा लावायचा आणि गणपतीला दोन शब्द सुनवायचे, असा माझा नेमच झाला होता. यांना दर दोन-तीन दिवसांनी कर्जतहून खोपोलीला डायलिसिसला न्यावं लागतं. स्टेशनचा जिना त्यांना चढवत नाही, म्हणून आमची जुनी गाडी मीच चालवते. तिची किल्ली मी कुणाच्या हाती देत नसे.

दिवाळीच्या सुमारास इंजिन तापू लागलं. काटा लालकडे सरकायचा, मागून पांढरा धूर यायचा, आणि भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी गायब. गॅरेजवाल्यानं ऑइलची पट्टी बाहेर काढून दाखवली, तर ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. "वहिनी, गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलमधी उतरतंय. इंजिन खोलावं लागंल. गाडी ठेवून जा, हे घरी व्हायचं काम नाय." पण गाडी ठेवली तर यांना नेणार कोण? शेजाऱ्यांकडे शब्द टाकायला माझी जीभ रेटेना. मी बाटल्यांनी पाणी ओतत गाडी दामटत राहिले. सासूबाईंनी तर महडच्या गणपतीचं तीर्थ आणून रेडिएटरमध्ये घातलं. मी म्हटलं, घाला, शेवटी तेही पाणीच.

संकष्टीच्या सकाळी पळसदरी मागे टाकली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. यांना ताप आल्यामुळे आधीची खेप हुकली होती. तोंडावर सूज होती, धाप लागत होती, मागच्या सीटवर ते कसेबसे कलंडले होते. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "तुझं तीर्थ पिऊन बंद पडलीय ही. आता मी काही मागणार नाही. तुला वाटलं तर बघ." राग खरा होता, पण भीती त्याहून मोठी होती. हे असेच माझ्यासमोर जातात की काय, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात फुलांचा एक टेंपो थांबला. मुलगा चालवत होता आणि शेजारी त्याची आई. झेंडूचे हार आणि दूर्वा घेऊन दोघं महडला देवळाबाहेर विकायला निघाले होते. बाईनं खाली उतरून गाडीत डोकावून यांच्याकडे पाहिलं.

"उतरव रं पाट्या," ती मुलाला म्हणाली. "यांना आडवं न्याया पायजे."

"मावशी, पण तुमची फुलं? आज संकष्टी आहे."

"देव काय पळून जातोय? तुमची गाडी तशी बी उभीच हाय, तिच्यात ठेवते. उनात सुकायची नायत. किल्ली द्या, मी हितंच बसते."

माझा हात क्षणभर अडला. मग मी किल्ली दिली. जन्मात न पाहिलेल्या बाईला गाडी देऊन मी टेंपोच्या हौद्यात यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

यांच्या छातीत पाणी साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. दुपारी यांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. पाणीसुद्धा मोजून प्यायचं असताना चहा मागतात म्हणून मी त्यांच्यावर चिडले, आणि चिडता चिडता रडले.

त्या मुलानं किल्ली आणून दिली, मग गाडी ओढून गॅरेजला नेली. इंजिन खोललं, दुरुस्तीला बरेच दिवस गेले. तोवर शेजाऱ्यांनी पाळी लावून यांना नेलं. मी विचारलं, ते हो म्हणाले, इतकं ते सोपं होतं. शरण जाण्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. मला ते किल्ली देताना कळलं.

पुढच्या संकष्टीला महडला गेले. ती फुलवाली देवळाबाहेर हार ओवत बसली होती. मी वाकले तशी तिनं पाय मागे घेतले. "माज्या काय पाया पडता ताई, आत जावा."

आत गेले. डोळ्यांत पाणी होतं, तरी गणपतीला स्पष्ट सांगितलं, "आधी तिच्यापुढे वाकून आलेय. यापुढेही तसंच करीन. चालत असेल, तर येत जाईन."