दयाराम मेंबरची उचकी

रेवसच्या अलीकडे, खाडीकाठी आमचं गाव. तिथला दयाराम मेंबर म्हणजे स्वतःच्याच पक्षाला अंगावर घेणारा वाघ, असं तुम्हाला कुणीही सांगेल. माझं घर त्याच्या घराला लागून, मधे फक्त शेवग्याचं झाड. त्यामुळे मला वाघाचं आतलंही ठाऊक. भ्याला की त्याला उचकी लागते. पक्षाचे साहेब रस्त्याच्या भूमिपूजनाला आले, तेव्हा हा माईकवर म्हणाला, "साहेब, याच रस्त्याचा नारळ तुम्ही दुसऱ्यांदा फोडताय." गाव टाळ्या वाजवत घरी गेलं. हा घरी येऊन दिवेलागणीपर्यंत उचक्या देत पडला आणि सगुणावहिनी साखर चारून थकली. टाळ्या गावानं ऐकल्या, उचक्या मी.

यंदाच्या भादव्यातली उचकी मात्र तीन दिवस थांबली नाही.

झालं असं, की याच्याच पक्षाचा तालुकाध्यक्ष शिवदास पांढऱ्या गाडीतून दयारामकडे आला. एका कंपनीला गोदामांसाठी आमची बांधाआतली भातशेती भराव टाकून हवी होती. त्याला ग्रामसभेचा ना-हरकत ठराव लागत होता. मी शेवग्याच्या शेंगा काढत होतो. म्हणजे, काढायचं निमित्त करत होतो.

"दयारामशेठ, सभा अमावास्येला ठेवलीय. दुपारी बारा. ठरावाला तुमचा हात पहिला वर पाहिजे."

"सर्वपित्रीला? त्या दिवशी उधाणाची भरती असते. सगळा गाव बांध राखाया जातो."

"म्हणून तर!" शिवदास हसला. कपाची कड रुमालानं पुसून त्यानं सावकाश चहा संपवला आणि उठता उठता म्हणाला, "भाविका पहिल्या लाँचनं जाते ना मुंबईला, कामावर? डावीकडं, अगदी कडेला बसते. सांगा तिला, जरा आत बस म्हणावं."

गाडी गेली. पहिली उचकी मला झाडापलीकडं ऐकू आली.

"आवो, ती कुठं बसते ते त्याला कसं म्हाईत?" सगुणावहिनीनं विचारलं. दयारामनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मी थट्टा करायला गेलो. "काय मेंबर, आता कुठला पक्ष?" त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि मी शेंगा उचलून घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी तो पोरीबरोबर लाँचमध्ये चढला आणि स्वतः कडेला बसला. भाविका वैतागली. "बाबा, उचक्या देऊ नका ना, लोक बघतात!" बघत एकच जण होता, टोपीवाला, अनोळखी. भाऊच्या धक्क्याला उतरताना तो गोड आवाजात म्हणाला, "काय मेंबर, रोज येणार का सोडायला?"

अमावास्येला बारा वाजता पंचायतीत शिवदासची पन्नास-साठ डोकी बसली होती. बाकी गाव बांधावर. दयाराम मला म्हणाला, "मी एकला हात खाली ठेवून बसलो, तर आख्ख्या सभेत मीच दिसंन. गर्दी पायजेल रं. गर्दीत कोण कुनाला मोजतो?" एवढं बोलून तो मागच्या दारानं सटकला.

आमच्याकडं बांध फुटून खारं पाणी शेतात घुसलं की त्याला खांड म्हणतात. खांडीची हाक ऐकली की घरटी एक माणूस देवळासमोर धावत येतो. टोपल्या-फावडी तिथंच ठेवलेली असतात. पितरांचं पान वाढलेलं असलं तरी टाकून यायचं, वैर असलं तरी यायचं. आणि खोटी हाक कुणी द्यायची नाही. माझ्या हयातीत तरी कुणी दिली नव्हती.

देवळाचा भोंगा खरखरला.

"खांड! खां... उच्... खांड गेली!"

दहा मिनिटांत गाव देवळासमोर हजर, गुडघ्याएवढ्या चिखलानं माखलेलं. शेजारीच पंचायतीची उघडी खिडकी, आणि आत ठराव वाचायचं काम चाललेलं. लोकांनी दोन ओळी ऐकल्या आणि फावड्यांसकट आत शिरले. विरोधात दोन-अडीचशे हात वर गेले. त्यात दयारामचा कुठला, ते मलासुद्धा दिसलं नाही. बेत अगदी जमला होता.

पण ती उचकी भोंग्यातून निम्म्या तालुक्यानं ऐकली होती.

शिवदास शांतपणे गाडीपर्यंत चालत गेला. दार उघडून त्यानं गर्दीतून नेमकं दयारामकडं बघितलं आणि घशातून हलकेच आवाज काढला, "उच्." लोक हसले. मी हसलो नाही.

लोक पुन्हा बांधाकडं धावले. बांध टिकून होता, पण भर उधाणात तो अर्धा तास मोकळा पडला होता. ते गावानं माफ केलं नाही. दुसऱ्या दिवशी बैठक बसली. म्हातारा नामा म्हणाला, "शेती वाचवलीस, ते बराबर. पन खोटी हाक ती खोटी हाक." शिक्षा ठरली: पुढच्या भादव्यापर्यंत दयारामनं रोज सकाळी आख्खा बांध चालायचा आणि खेकड्यांनी पाडलेली बिळं एकट्यानं बुजवायची. पक्षानं त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. ते पत्र वाचताना त्याला उचकी लागली नाही.

आता रोज पहाटे तो चिखलाचं घमेलं घेऊन बांधावर असतो. बांधाच्या टोकावरून रेवसची पहिली लाँच दिसते. भाविका आता मधल्या बाकावर, बायकांत बसते. लाँच धक्क्यावरून सुटली की दयाराम घमेलं खाली ठेवतो आणि ती ठिपका होऊन दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो. मग फोनकडं बघत तासभर तसाच. भाविकाचा 'पोचले' आला की पहिलं बीळ बुजवायला घेतो.

काल मी विचारलं, "मेंबर, अजून भ्या वाटतं?"

"न्हाय," तो म्हणाला. "उच्."