चाळलेली वाळू

डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये तिला सगळे वाळूमावशी म्हणत. ओल्या रुळांवर चाकं घसरली की ड्रायव्हर चाकांपुढे वाळू सोडतो. ती वाळू भट्टीवर सुकवायची, चाळायची आणि इंजिनाच्या पेट्यांत भरायची, हे मावशीचं बावीस वर्षांचं काम. एक ओलं ढेकूळ गेलं तरी नळी तुंबते, म्हणून तिच्या चाळणीला कुणी हात लावला की ती त्याची बिनपाण्यानं करायची.

धाकट्या जावेला मात्र याचं भारी हसू यायचं. "एवढं डोंगराएवढं इंजिन, आणि तुम्ही त्याला वाळू घालता? कोंबड्यांना दाणे घालावेत तशी!"

परवा दोघी बाजारातून येत होत्या, तर वाटेत फाटक बंद. भुरभुर पाऊस होता. लोखंडानं लादलेली मालगाडी चढावर येऊन अडली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं आणि चाकं जागच्या जागी फिरत होती.

"अरे, सोड ना मेल्या वाळू!" मावशी फाटकाशी जाऊन ओरडली.

ड्रायव्हरला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण तेवढ्यात चाकांपुढे वाळूची बारीक धार पडली, चाकांनी रूळ धरला आणि एकेक डबा खडखडत हलला. जाऊ आ वासून डबे मोजू लागली.

ती एकोणचाळीसवर पोचली, तोच मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. "किती वेळ लावते ही गाडी!"

जाऊ गर्रकन वळली. "दम धरा जरा! आमच्या जाऊबाईंनी चाळलेल्या वाळूवर चाललीय ती."