तबेल्यापायी पडदा

मी आयुष्यात एकदाच पडदा पाळला, तोही एका तबेल्यापायी.

निजामाचं राज्य होतं. आमच्या ह्यांनी हुमनाबादच्या बाजारात तुरीची अडत घातली आणि आम्ही निर्ण्याहून बिऱ्हाड हलवलं. निघताना सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "जावा, जावा. पुढच्या पेरणीला परत यालच. भाड्याच्या घरात नांदायला अक्कल लागतीय." त्या क्षणी मी मनाशी ठरवलं, निर्ण्याला परत यायचं ते पाहुणी म्हणून. गाडीत भांडीकुंडी भरून नाही!

हुमनाबादचं घर बिदरच्या एका खानसाहेबांचं. भाडेकरू दोन, करार मात्र एकच. निम्मं भाडं आमचं, निम्मं संगप्पा अण्णांचं. अण्णा करडईच्या तेलाचे व्यापारी, गळ्यात लिंग, जिभेवर साखर. त्यांची बायको गौराक्का. ती मराठीत भांडायची आणि भांडण संपलं की उरलेलं कानडीत पुटपुटायची.

करारात एकच अट कडक होती : अंगणातला तबेला आहे तसा ठेवायचा. खानसाहेबांच्या वडिलांचा लाडका घोडा तिथं असायचा. घोडा गेला, वडील गेले, पण तबेला त्या दोघांची वाट बघत उभाच! समोरून सगळा उघडा, खाली फरशी, मागच्या भिंतीला ओळीनं चार खिडक्या, वारा तर असा की उभ्या उभ्या डोळा लागावा. आणि आमचं स्वयंपाकघर? एक खिडकी नाही. धूर इतका की तव्यावर भाकरी आहे की हात, हे चटका बसल्यावरच कळायचं.

मी व्यवस्थित बाई आहे. कुठलंही काम यादी केल्याशिवाय हाती घेत नाही. तबेल्याचं स्वयंपाकघर करायचं ठरवलं तेव्हाही केली : कच्च्या विटा, चिखलमाती, गवंडी, चौकट, चूल. खानसाहेबांची परवानगी यादीत नव्हती. (विसरले नव्हते. यादी उगाच लांबवायची नव्हती.)

उघडी बाजू भिंत घालून बंद केली आणि तिच्यात एक दार ठेवलं. गवंडी म्हणाला, "बाई, दार लई बारीक व्हायलंय."

"होऊ दे. एका वेळी एकच माणूस आत यायला पाहिजे."

"कोण?"

"मी!"

डबे ओळीत लागले, खिडक्यांतून उजेड आला, धूर बाहेर गेला. हुमनाबादेत तेव्हा तसं स्वयंपाकघर दुसरं नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते!

गौराक्का दाराशी आली, तिरकी होऊन आत डोकावली, आणि भाड्याचा दिवस आला तशी म्हणाली, "वैनी, आता निम्मं-निम्मं कामून? तुमची जागा वाढली की! भाडं बी तुमीच जास्ती द्या."

"माझी जागा वाढली न्हाई अक्का. घोड्याची कमी झाली."

"मग घोड्याचं भाडं कोन देनार?"

"घोड्याला इचारा!"

बोलणं बंद झालं. गौराक्का अंगण झाडायची ते बरोबर निम्म्यापर्यंत, आणि कचरा निम्म्यावर ठेवून निघून जायची. मीही तेच करायची. अंगणाच्या मधोमध कचऱ्याची अशी सरळ रेघ असायची की मोजणीदारालाही तशी ओढता येऊ नये.

पण एक सांगते, गौराक्कानं चहाडी केली नाही. चहाडी केली ती अण्णांच्या गोडव्यानं. तेलाच्या कामाला ते बिदरला गेले, खानसाहेबांना भेटले आणि कौतुकानं म्हणाले, "साहेब, तुमच्या तबेल्यातल्या आमटीला काय वास सुटतोय म्हनता!"

झालं! निरोप आला : खानसाहेब स्वतः येऊन बघणार. तबेला मोडलेला दिसला तर करार रद्द, दोन्ही बिऱ्हाडं रस्त्यावर. जत्रा तोंडावर आलेली, गावात रिकामं खुराडं मिळत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं निर्ण्याचा उंबरा आणि त्यावर उभ्या सासूबाई आल्या.

"तुमच्या चुलीपायी माझी म्हैस बी रस्त्यावर यायलीय!" गौराक्का ओरडली. (तिची गंगी म्हैस गाभण होती. नवऱ्यापेक्षा तिची काळजी जास्त.)

खानसाहेब आले. उंच, शेरवानी, रुमी टोपी, फार सभ्य माणूस. कुणाच्याही घरी गेले तरी दाराबाहेर थांबून खाकरायचे आणि विचारायचे, "पर्दा है क्या?" आमच्याकडून नेहमी "या, या" असंच उत्तर जायचं. त्या दिवशी ह्यांनी "या" म्हणायला तोंड उघडलं, आणि मी आतून गरजले, "हौ! है! पर्दा है!"

दारावरचा कावळासुद्धा गप्प झाला.

"कब से?" खानसाहेबांनी विचारलं.

"आत्ता... अभी अभीच," आमचे हे म्हणाले. (खोटं बोलता न येणारा नवरा असला की सगळी कामं आपल्यालाच करावी लागतात.)

"पिछले साल तो छत टपकती बोलके भर रस्ते पे मेरे से झगडी थी बाई!"

अण्णा मदतीला धावले. "तवापास्नंच, साहेब. पस्तावा झालाय त्यांना."

खानसाहेबांनी मान हलवली आणि उंबऱ्याला टेकलेलं पाऊल मागं घेतलं. मी चुलीपाशी बसून स्वतःची पाठ थोपटली. काय डोकं माझं!

पण खानसाहेब बिदरला परत गेलेच नाहीत. त्यांना तूर विकायची होती, म्हणून त्यांनी मेहुण्याकडे मुक्काम टाकला आणि दिवसभर बसायचे कुठं? आमच्याच अडतीत! तिथून आमचं दार तळहातासारखं दिसायचं. म्हणजे मी अडकले. जिला दळण, बाजार, सावकार, शिंपी सगळं स्वतः बघायची सवय, ती मी पडद्यात! बाजाराची यादी ह्यांच्या हाती द्यायची, तर हे यादी दुकानात विसरायचे आणि आठवेल ते आणायचे. जिरं सांगितलं, ओवा आला. सुंभ सांगितला, गूळ आला. ओव्याची फोडणी दिलेली आमटी गुळाबरोबर खाऊन आम्ही दिवस काढले.

गौराक्का मात्र खानसाहेबांच्या नाकासमोरून घागर घेऊन जायची आणि मुद्दाम ओरडून विचारायची, "वैनी, बाजारातनं काय आनू? तुमी बसा बाई, तुमी पडद्यातल्या!"

खानसाहेबांनी अण्णांना विचारलंच, "इनका पर्दा नहीं?"

"आमच्यात न्हाई साहेब. भाड्यात निम्मं-निम्मं हाय, पडद्यात न्हाई."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मला देवी आल्या म्हणे. तेल उडून तोंड भाजलं म्हणे. निर्ण्याला पोचेपर्यंत तर मला वेडच लागलं होतं! सासूबाईंचा निरोप आला, "पोरीला घेऊन या. म्या म्हनलंच हुतं." ते शेवटचं वाक्य मला चटक्यासारखं लागलं.

आणि मग खानसाहेबांनी अगदी अदबीनं सांगितलं, "जनाने में हम कैसे आते? अम्मा कू बुलवाया हूँ. कल वोच आके देखती."

बाईच्या घरात बाई येणार! तिला कुठला पडदा अडवतो? पडद्याचं एवढं सगळं गणित मी मांडलं, आणि घराला बायकांसाठी दार सताड उघडं असतं हे विसरले!

त्या रात्री गौराक्का कचऱ्याची रेघ ओलांडून आली. "वैनी, भांडन मागनं करू. आता बोला, काय करायचं?"

"तबेल्याचा तबेला दिसला पाहिजे."

"मग जनावर बांदा की! आमची गंगी हाय."

सकाळी आम्ही कामाला लागलो. डबे पोत्यांखाली, चुलीवर कडबा, खुंटीवर माळ्यावरचं जुनं खोगीर. भिंतीचं विचारलंच तर म्हशीला आडोसा म्हणायचं. हुबेहूब! राहिली फक्त गंगी. मी आत सरकीची पेंड घेऊन उभी राहिले. "ये, ये, ये!" गौराक्का मागून ढकलायला. गंगीनं पेंड बघितली, शिंगं तिरकी केली, मान आत घातली, पुढचे पाय आत घातले. आणि थांबली.

"ढकला की अक्का!"

"ढकलायलेच की! पोट अडकलंय!"

एका वेळी एकच माणूस आत यावं म्हणून मी जे दार बांधलं होतं, त्यात आता म्हैस बसली होती, बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी. अर्धी आत, अर्धी बाहेर. मी पूर्ण आत!

आणि त्याच वेळी दारात पडदे सोडलेली बैलांची दमणी थांबली.

अम्मा आल्या. हे सगळं मी म्हशीच्या पोटाखालून बघत होते. आधी छोट्या पांढऱ्या सपाता दिसल्या, मग काठी. सपाता अंगणाच्या मधोमध थांबल्या. अम्मांच्या समोर गंगीची मागची बाजू होती, आणि ती शेपटीनं त्यांना वारा घालत होती.

"ये क्या है?" अम्मांनी विचारलं.

"म्हैस हाय जी," गौराक्का रडत म्हणाली. "गाभन हाय!"

"और घरवाली किधर है?"

"हितं!" मी आतून म्हणाले. "या, बसा." (पाहुण्याला बसा म्हणायची सवय कुठंही सुटत नाही.)

गौराक्का अण्णांना हाका मारत दाराकडे धावली. अम्मांनी काठी आडवी धरली. "खबरदार! मैं इधर खडी हूँ. मरद एक बी अंदर नक्को!"

आता खरा पडदा सुरू झाला होता. दाराबाहेर अण्णा, आमचे हे आणि खानसाहेब, तिघंही धडधाकट, आणि तिघंही निरुपयोगी! तिघांनी बाहेरून सल्ले द्यायला सुरुवात केली. हे म्हणाले, "शेपूट वढा!" गौराक्का म्हणाली, "तुमची वढते, या!" अण्णांनी भिंतीवरून करडईच्या तेलाचा डबा आत सोडला. गौराक्कानं गंगीच्या दोन्ही कुशींना तेल चोळलं. गंगी चकाकायला लागली, पण हलली नाही. तेल फरशीवर आलं, मी घसरून कडब्यात बसले, आणि गंगीनं शांतपणे माझ्या अंगाखालचा कडबा खायला घेतला.

"बाई," अम्मा म्हणाल्या, "जनावर कू तकलीफ हो रही. दीवार तोडो."

"माझी भिंत?" मी म्हणाले. आणि जीभ चावली.

"हौ. तुम्हारीच."

आत हत्यार काय होतं? मुसळ! ज्या भिंतीच्या एकेका विटेवर मी उन्हात उभी राहिले होते, ती मी स्वतःच्या मुसळानं, स्वतःच्या हातानं पाडली. भिंत मजबूत निघाली. (मी बांधून घेतलेली होती. मजबूत असणारच!) शेवटी चौकट कलली, विटा पडल्या, गंगीनं अंग झाडलं आणि काही घडलंच नाही अशा चालीनं अंगणात गेली. गौराक्का तिच्या गळ्यात पडली. मी धुळीनं माखलेली, केसांत कडबा, हातात मुसळ, अम्मांच्या समोर उभी. तबेला समोरून सगळा उघडा, अगदी करारात होता तसा. फक्त मागं कडबा खचला होता, आणि त्यातून माझी चूल डोकं वर काढून बघत होती.

अम्मांनी चूल बघितली. खिडक्या बघितल्या. मग कोपऱ्यातल्या आमच्या जुन्या कोंदट स्वयंपाकघराकडं बघितलं आणि पाट ओढून बसल्या.

"इसी घर में दुल्हन बनके आयी मैं. उस कोने में धुआँ खा खाके आँखां लाल. एक खिडकी होना बोली, तो मियाँ बोले नक्को, दीवार कमजोर होती." काठीनं त्यांनी खिडक्या दाखवल्या. "घोडे कू चार! मेरे कू एक बी नहीं!"

मी चुलीवरचा उरलेला कडबा बाजूला केला.

"जिस आमटी पे इतना तमाशा हुआ," अम्मा म्हणाल्या, "वो है क्या थोडी?"

ओव्याची आमटी होती. पण वाटी त्यांनी पुसून खाल्ली. मग निकाल दिला : समोरची बाजू उघडीच राहील, भिंत पुन्हा घालायची नाही. आत दोन चुली, एक माझी, एक गौराक्काची. आणि भाडं निम्मं-निम्मं.

त्या दोन चुलींवर आम्ही पुढं राज्य बदलेपर्यंत आणि त्यानंतरही रांधलं. मीठ इकडून तिकडं, भांडण तिकडून इकडं. गंगीला रेडकू झालं, तेव्हाचा खरवस आधी माझ्या चुलीवर शिजला. निर्ण्याला मी गेले ती पाहुणी म्हणूनच. सासूबाई येऊन महिनाभर राहिल्या, खिडकीच्या वाऱ्यात बसून त्यांनी माझे ओळीत लावलेले डबे बघितले आणि एक शब्द बोलल्या नाहीत. ती माझी सर्वांत मोठी कमाई.

पण त्या दिवशी निघताना दारात काय झालं ते राहिलं. अम्मा दमणीत बसल्या. खानसाहेबांनी पडद्यापाशी वाकून विचारलं, "अम्मा, सच बोलो. तबेलाच है ना?"

"तबेलाच है बेटा. मैं खुद देखी. अंदर जानवरां थे."

"कित्ते?"

"दो," अम्मा म्हणाल्या. "एक तो भैंस थी."

दुसरं कोण, हे विचारण्याइतके खानसाहेब असभ्य नव्हते. अण्णांना ठसका लागला, आमचे हे आभाळाकडं बघायला लागले, आणि गौराक्का इतकी हसली की तिला कानडी-मराठी काहीच सुचेना. मी दाराआड उभी होते, त्यामुळे माझं तोंड कुणालाच दिसलं नाही. पडदा नेमका कशासाठी असतो, ते मला तेव्हा कळलं!