सयाजीचे वीस पौंड

डोंगराच्या पायथ्याच्या केर्लीपर्यंत सयाजी माझ्या पुढे होता. तिथून ज्योतिबाची चढण लागली तसा तो मागे पडला, आणि मग दिसेना झाला तरी त्याचा श्वास मला ऐकू येत राहिला.

"दम लागला का?" मी थांबून विचारलं.

"न्हाय आक्का. वारं घेत हुतो."

फाल्गुनातल्या उन्हात झाडाचं पान हलत नव्हतं. पण सतरा वर्षांच्या मुलाचा, त्यातून तालमीतल्या, मान ठेवावा लागतो. मीही वारं घेत उभी राहिले.

सयाजी म्हणजे आमच्या गंगावेशीतल्या गणपतराव पैलवानांचा एकुलता एक. दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर उजळाईवाडीच्या माळावर उतरलेलं विमान बघून आला, आणि त्याच दिवशी त्याचं ठरलं. वैमानिक व्हायचं. गल्लीत विमानात बसलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच मोकळे होते. शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, वर थंडी असते, घोंगडं विसरू नको. गणपतराव म्हणाले, "वर वारं केवढं असतंय! यंत्र आवराय मनगटात जोर पायजे." आमच्याकडे कुठल्याही धंद्याची तयारी एकच, तालीम आणि दूध. पोरगं पहाटे लाल मातीत आणि संध्याकाळी दूधकट्ट्यावर. म्हैस समोर पिळायची आणि फेसासकट तांब्या तोंडाला लावायचा. सात वर्षांत सयाजी असा झाला की विमानानं त्याला उचलायचं का त्यानं विमानाला, असा प्रश्न पडावा. डावा कानही कुस्तीत मोडून घेतला, आणि त्याचं त्याला कौतुकच.

माझा सल्ला तेवढा बेचव होता. गणित कर. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. इंग्रजी बेताचं, पण भूमिती पक्की. रोज रात्री तो माझ्या ओसरीवर प्रमेयं घोटायचा आणि त्याच्याखाली पाट कुरकुरायचा. छप्पन साली हवाई दलाची लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, दोन्हींत तो पास झाला. मी अंबाबाईची ओटी भरून आले. आता राहिली होती फक्त शरीराची तपासणी.

ती सोपी जाईल असं वाटत होतं, तरी खात्रीसाठी तो आधी एका निवृत्त लष्करी डॉक्टरांना दाखवून आला. डोळे उत्तम, छाती उत्तम, मोडक्या कानानंही ऐकू येतंय. पण वजन वीस पौंड जास्त. "सहा आठवडे आहेत. उतरव, नाहीतर घरी बस," असं त्यांनी सांगितलं.

घरी सांगितलं तर गणपतराव हसले. "त्यो डॉक्टरच काडी हाय. त्येला समदी जाडच दिसायची." बनाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, हसू आलं नाही. पोराला दृष्ट लागली म्हणून त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि दुधात तूप घालायला सुरुवात केली. आठ दिवसांत विसाचे बावीस झाले.

मी रविवारी ज्योतिबाला चालत जाते हे त्याला माहीत होतं. "आक्कांच्या सोबतीला जातो," म्हणून तो निघाला. बनाबाईंनी लगेच दशम्यांचं गाठोडं बांधून दिलं.

चढणीवरच्या गायमुखाशी टेकलो. गाठोडं सोडलं तर आत दहा दशम्या आणि लोण्याचा गोळा. समोरचा गडी भारी निघावा तसा तो त्याकडे बघत राहिला.

"आमच्या घरात कमी जेवायचं म्हंजे एकतर आजारी पडाय लागतंय, न्हायतर उपास धराय लागतोय," तो म्हणाला. "आक्का, तुमी घरात सांगा की, सयाजीनं नवस बोललाय, पाच आठवडं एकभुक्त ऱ्हायाचा. देवाचं म्हटलं की आमचं आण्णा बी गप बसत्यात."

"बोललायस नवस?"

"न्हाय."

"मग देवाच्या नावानं खोटं मी सांगणार नाही. विमान माळावर राहिलं तरी चालेल."

बोलून गेले, पण सात वर्षं प्रमेयं मीही घोटली होती. मग मीच म्हटलं, "आत्ता वर गेल्यावर खरंच बोल की. कुणी अडवलंय?"

"मागं बोललो हुतो, म्याट्रिकच्या वक्ताला. आईनं माझा उपास सोताच्या अंगावर घेतला. पोराचा आईनं केला तरी देवाला पोचतोय म्हनली. ती महिनाभर उपाशी आन् मला दोन ताटं."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. त्यानं दशम्या पुन्हा फडक्यात बांधल्या, गाठ घट्ट मारली आणि हात जोडले. देवाला नव्हे, मला.

"तुमीच बोला माझ्या नावानं. आई तुमाला लई मानती. तुमच्या तोंडनं गेलेला नवस अंगावर घ्यायचा आईला धीर व्हायचा न्हाय, आन् खोटं बी हुनार न्हाय. फकस्त एवढं करा आक्का, दूध सोडायचं देवाला येगळं सांगा. न्हायतर आई म्हनंल, उपासाला दूध चालतंय."