मोरीतली चूळ

माणूस गेलेल्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, अशी आमच्याकडची रीत. घरच्यांनी गोडधोड करायचं नाही. भावकीनं आणि पाहुण्यांनी डबे घेऊन यायचं, आपल्या हातानं घरच्यांच्या तोंडात घास घालायचा, म्हणजे दुःख उतरतं म्हणतात. त्यामुळे होतं काय, की ज्या घरात काहीच केलेलं नसतं तिथंच गावात सगळ्यात जास्त फराळ साठतो.

माझी बायको ज्येष्ठात गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. दिवाळी येईपर्यंत मी ओतूरला माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात रोज जात होतो, जळालेल्या मोटारींत नवी तार भरत होतो, गिऱ्हाइकाशी नीट बोलत होतो, जेवत होतो. रडलो नव्हतो. लोक म्हणायचे, घट्ट मनाचा आहे. मला तर मन आहे की नाही याचाच पत्ता लागत नव्हता.

काळजी म्हणून एकच उरली होती, मुलीच्या दाढेची. ती तिसरीत. मागची कायमची दाढ किडलेली. दसऱ्याच्या सुमाराला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती कोरून भरली आणि मला बजावलं, "ही गेली तर दुसरी यायची नाही. दिवाळीत सांभाळा." परत न येणाऱ्या गोष्टींबद्दल मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. मी मान डोलावली.

हे खातं खरं तर बायकोचं. फराळाचे डबे ती माळ्यावर ठेवायची आणि दिवसातून एकदाच, जेवण झाल्यावर काढायची. खाऊन झालं की सगळी वरात मागच्या मोरीत. तिथं तांब्यात मिठाचं कोमट पाणी. ती मान हलवेपर्यंत आम्ही चूळ खुळखुळवत राहायचो, मग मोबाइलची बॅटरी लावून तपासणी. "आ कर. जीभ वर." मी कुरकुर केली की म्हणायची, "दिवसभर पंप उघडून बघता, स्वतःचं तोंड उघडायला काय होतं?"

वसुबारसेपासून डबे यायला लागले. मी प्रत्येकाला दारातच सांगायचो, पोरीची दाढ भरलीय, तिला गोड देऊ नका. सगळे मनापासून ऐकायचे आणि भलतंच समजायचे. निरगुडसरहून मेव्हणी आली. डबा उघडून म्हणाली, "दाजी, काळजी करू नका. मुद्दाम लई मऊ केल्यात. दाताला लागायचं न्हाई." पाकातले रव्याचे लाडू. दाढेच्या फटीत असे जाऊन बसतात की काडीनंही निघत नाहीत. खोडदची माझी आत्या त्याच्याही पुढची. "ह्यात साखर न्हाईच, समदं गुळाचं हाय," असं म्हणत तिनं चिकट लाडू पोरीच्या तोंडात घातला. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. चिडायला हवं होतं, पण चिडायलाही आत काहीतरी लागतं. शिवाय दुःख उतरवायला आलेला हात मागे कसा लोटायचा?

शेवटी मी मुलीला म्हटलं, "कुणी घास दिला की घे. आणि लगेच मोरीत जाऊन चूळ भर." तांब्यात मीठ मी घालून ठेवलं.

तिनं ते अगदी काटेकोर पाळलं. कुणी आलं, घास दिला, की ही उठायची, मोरीत जायची आणि बऱ्याच वेळानं ओलं तोंड घेऊन परत यायची. भाऊबीजेला दुपारी घर बायकांनी भरलं होतं. हिच्या फेऱ्या पाहून त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. आत्यानं डोळ्याला पदर लावला. "लेकरू आत जाऊन रडून येतंय गं."

"रडत नाय," मुलगी म्हणाली. "चूळ भरते."

यावर तर सगळ्याच हुंदके द्यायला लागल्या. एवढीशी पोर, कसं लपवतेय बघा, असं एकमेकींना सांगू लागल्या. मी भिंतीला टेकून बघत होतो. माझी स्वतःची माणसं माझ्या घरात रडत होती आणि मला काही म्हणजे काही होत नव्हतं. मला माझीच भीती वाटली.

पुढच्या फेरीला मी तिच्या मागोमाग मोरीत गेलो. तिथं भरदुपारीही अंधार असतो. तिनं गालात पाणी धरलं होतं आणि माझ्याकडे बघत होती. कशासाठी ते मला जरा उशिरा कळलं. मी मान हलवली, तेव्हा तिनं चूळ टाकली. मोबाइलची बॅटरी लावून मी तिची दाढ पाहिली. भरलेलं सिमेंट जागच्या जागी होतं, कडेला काळा ठिपकासुद्धा नव्हता. दाढ वाचली होती. मी हुश्श केलं आणि वळलो.

तिनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"आता तुमचं. आ करा."

"माझं राहू दे."

तिनं माझी हनुवटी धरली, अंगठा खाली आणि दोन बोटं गालावर. "दिवसभर पंप उघडून बघता, स्वतःचं तोंड उघडायला काय होतं?"

मी खाली बसून आ केला. तिनं उजेड आत धरला. "जीभ वर." मी जीभ वर केली. तोंड उघडं असलं की रडू अडवता येत नाही, हे मला तिथं कळलं. ज्येष्ठापासूनचं सगळं एकदम आलं. घशातून कसला तरी आवाज निघत होता आणि तो माझाच होता. मुलीनं बॅटरी बंद केली. तांब्या माझ्या हातात दिला आणि मी तोंड धुईपर्यंत दारात उभी राहिली.

आम्ही बाहेर आलो. आत्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "रडलास व्हय रं?"

"नाय," मुलगी म्हणाली. "पप्पा चूळ भरत व्हते."

या वेळी मात्र सगळ्यांना ते पटलं. आत्यानं पुढचा डबा उघडला.